एकच कुरण, तीन ठराव: कौन्सिलमध्ये निसर्ग, बजेट आणि घरांचं नक्की काय ठरतं

इंग्लंडमधल्या आपल्या मंडळींचा कौन्सिलशी संबंध येतो तो बहुतेक वेळा मार्चमध्ये, कौन्सिल टॅक्सचं बिल दारात पडतं तेव्हा, नाहीतर एखाद्या आठवड्यात बिन उचलली नाही म्हणून फोन लावावा लागतो तेव्हा. माझंही बरीच वर्षं तसंच होतं. मग एका फेब्रुवारीत आमच्या कौन्सिलची मोठी मीटिंग होती आणि मी जाऊन पब्लिक गॅलरीत बसले, कुणीही बसू शकतं, कुणाची परवानगी लागत नाही. त्या संध्याकाळी लागोपाठ तीन विषय आले, आधी निसर्ग सावरण्याचा आराखडा, मग पुढच्या वर्षाचं बजेट, मग नवीन घरांसाठी कुठल्या जागा धरायच्या ते. आणि गंमत नाही, खरंच सांगते, तिन्ही कागदांत गावाबाहेरचं एकच कुरण होतं. पहिल्या कागदातल्या नकाशावर ते हिरव्या रंगात, इथे रानफुलं परत आणता येतील म्हणून. दुसऱ्या कागदात त्याला लागून असलेल्या पार्कच्या रेंजरची पोस्ट कमी करायचा प्रस्ताव. तिसऱ्यात त्याच कुरणाचा अर्धा भाग घरांसाठी. हात वर झाले, तिन्ही ठराव पास झाले, सगळे घरी गेले.

मी चिडून घरी आले होते, पण नंतर कागद वाचत गेले तसं कळलं की यात कुणी खोटं बोलत नव्हतं, फक्त तीन वेगवेगळे कायदे आणि तीन वेगवेगळ्या पैशाच्या पेट्या एकाच जमिनीवर येऊन आदळत होत्या. हे एकदा नीट समजलं की कौन्सिलचा कुठलाही निर्णय वाचता येतो, म्हणून आज जरा पाल्हाळ लावून लिहितेय.

आधी कोण काय करतं ते पटकन. काही भागांत दोन मजली कारभार आहे, वर काउंटी कौन्सिल जी वृद्धांची आणि मुलांची सोशल केअर, रस्ते, लायब्ररी, शाळा बघते, आणि खाली डिस्ट्रिक्ट कौन्सिल जी प्लॅनिंग, घरं, बिन आणि कौन्सिल टॅक्सची वसुली बघते. काही ठिकाणी एकच युनिटरी कौन्सिल सगळं करते, आमची तशीच आहे. लंडनमध्ये ३२ बरो आणि शिवाय सिटी ऑफ लंडन. डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने सांगितलंय की दोन मजली भागही हळूहळू युनिटरी करायचे, त्यामुळे तुमच्या कौन्सिलचं नावच येत्या काही वर्षांत बदलण्याची शक्यता आहे. तुमच्याकडे काय आहे ते टॅक्सच्या बिलावर दिसतं, जितक्या संस्था पैसे घेतात तितक्या ओळी असतात.

आता निसर्ग. २०२१ च्या एन्व्हायर्नमेंट ॲक्टखाली अख्ख्या इंग्लंडची ४८ भागांत वाटणी झाली, मध्ये एकही फट न ठेवता, आणि प्रत्येक भागासाठी लोकल नेचर रिकव्हरी स्ट्रॅटेजी, म्हणजे तोच निसर्ग सावरण्याचा आराखडा, बनवायची जबाबदारी कुठल्यातरी काउंटी, युनिटरी किंवा कम्बाइन्ड ऑथॉरिटीवर (काही कौन्सिलांनी मिळून केलेली संस्था) आली. पहिली स्ट्रॅटेजी नोव्हेंबर २०२४ मध्ये वेस्ट ऑफ इंग्लंडची आली. या आराखड्यात दोनच गोष्टी असतात, एक म्हणजे आपल्या भागात कुठले प्राणी, पक्षी, झाडं, पाणथळ जागा वाचवायच्या याची प्राधान्याची यादी, आणि दुसरा नकाशा, ज्यात आज कुठे चांगला निसर्ग शिल्लक आहे आणि कुठे तो परत उभा करता येईल ते दाखवलेलं असतं. हा नकाशा बनवणं छोटं काम नाही, शेतकरी, जमीनमालक, वाइल्डलाइफ ट्रस्ट, सगळ्यांना बसवून केलेलं असतं. आणि गरज तर आहेच, १९३० च्या दशकापासून या देशातली फुलांनी भरलेली जवळजवळ ९७ टक्के कुरणं गेली.

पण लोकांचा गोंधळ इथेच होतो. नकाशावर हिरवा रंग आला म्हणजे तिथे बांधकाम बंद झालं, असं अजिबात नाही. मालकाला तिथे काही करायची सक्तीही नाही. आणि त्या आराखड्याबरोबर ते काम करायला थैलीभर पैसे येत नाहीत. तो दिशा दाखवतो, एवढंच. २०२३ च्या लेव्हलिंग अप अँड रिजनरेशन ॲक्टमुळे लोकल प्लॅन, म्हणजे कुठे काय बांधायचं याचा कौन्सिलचा आराखडा, बनवताना त्या नकाशाची दखल घ्यावी लागते, पण दखल घेणं आणि ऐकणं यात फरक आहे हे घरात मुलं असलेल्या कुणालाही सांगायला नको. मग पैसा येतो कुठून, तर थोडा शेतकऱ्यांच्या सरकारी योजनांतून, आणि थोडा चक्क घरं बांधणाऱ्यांकडून.

हा दुसरा रस्ता म्हणजे बायोडायव्हर्सिटी नेट गेन, बीएनजी म्हणतात सगळे. १२ फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रोजेक्टना आणि २ एप्रिल २०२४ पासून छोट्यांना नियम लागला की बांधकामाआधी जागेवर जितका निसर्ग होता त्यापेक्षा किमान १० टक्के जास्त तयार करून द्यायचा आणि पुढची ३० वर्षं तो टिकवायचा. घराला मागे एक्स्टेन्शन काढणाऱ्यांना हे लागू नाही, घाबरू नका. आता निसर्ग मोजायचा कसा, तर सरकारने एक गणित ठरवून दिलंय, आणि हे गणित मी इथे हाताने करून दाखवते कारण सगळी मेख यातच आहे.

समजा ४ हेक्टरचं कुरण आहे. हेक्टरला गुणायचं गवताच्या प्रकाराच्या गुणांनी, मग गुणायचं त्याच्या तब्येतीच्या गुणांनी. नुसतं खत घालून वाढवलेलं राय गवत असेल तर प्रकाराचे २ गुण, तब्येत वाईट असेल तर १, म्हणजे ४ गुणिले २ गुणिले १, झाले ८ युनिट. आता तेच ४ हेक्टर, पण सर्व्हेला आलेल्या माणसाने जूनमध्ये येऊन गुडघ्यावर बसून बघितलं आणि त्याला गवतात वेगवेगळी फुलं दिसली, तर तो त्याला मध्यम दर्जाचं कुरण म्हणेल, प्रकाराचे ४ गुण, तब्येत बरी म्हणून २, म्हणजे ४ गुणिले ४ गुणिले २, बत्तीस. एका कागदावर ८, दुसऱ्या कागदावर ३२. पहिल्या केसमध्ये डेव्हलपरला ८.८ युनिट उभे करायचे, दुसऱ्यात ३५.२. पैशाचा किती फरक पडेल विचार करा. शिवाय त्या हिरव्या नकाशावरच्या जागेत नकाशात सुचवलेलाच निसर्ग उभा केला तर त्याचे युनिट आणखी १.१५ ने गुणतात, म्हणजे ३२ चे ३६.८ होतात. तर नकाशाचा खरा जोर इथे लागतो, बंदी म्हणून नाही, हिशोबातल्या आकड्यात.

म्हणून माझं आग्रहाने सांगणं आहे, प्लॅनिंग ॲप्लिकेशनमध्ये इकॉलॉजीचा रिपोर्ट असेल तर पहिल्यांदा सर्व्हेची तारीख बघा. गवताळ कुरण डिसेंबरमध्ये तपासलं असेल तर फुलं दिसणारच नाहीत आणि तसं लेखी कळवणं हा अगदी दमदार मुद्दा ठरतो. आणि कुणी आधीच नांगर फिरवून सगळं साफ केलं असेल तरी कायद्याने त्याची सोय केलेली आहे, ३० जानेवारी २०२० नंतर परवानगीशिवाय मुद्दाम खराब केलेली जागा आधीच्या स्थितीत होती असं धरूनच मोजायची. जुने फोटो असतील तर जपून ठेवा, तुमच्या फोनमधला कुत्र्याला फिरवतानाचा २०१९ चा फोटोसुद्धा कामाला येऊ शकतो.

युनिट आधी त्याच जागेवर तयार करायचे, जमत नसेल तर दुसरीकडे, आणि अगदीच नाही तर सरकारकडून क्रेडिट विकत घ्यायचं, जे मुद्दाम महाग ठेवलंय. ३० वर्षं लक्ष कोण ठेवणार? प्लॅनिंग खातं. आणि बऱ्याच लहान कौन्सिलांकडे स्वतःचा इकॉलॉजिस्टच नाही. इथून विषय आपोआप बजेटमध्ये शिरतो.

बजेट म्हटलं की लोक डोळे मिटून घेतात पण खरं तर तीन पेट्या लक्षात ठेवल्या की झालं. एक रेव्हेन्यू, म्हणजे महिन्याचा किराणा, पगार, वीजबिल. दुसरी कॅपिटल, म्हणजे बांधकाम, खरेदी, एकदाच करायची मोठी कामं, त्यासाठी कर्ज काढता येतं, रोजच्या खर्चासाठी काढता येत नाही. तिसरी हाउसिंग रेव्हेन्यू अकाउंट, कौन्सिलच्या घरांत राहणाऱ्यांचं भाडं त्यात जातं आणि त्या घरांवरच खर्च होतं, ते पैसे पार्कला वापरता येत नाहीत आणि कौन्सिल टॅक्सचे पैसे त्या घरांच्या डागडुजीला वापरता येत नाहीत. पहिल्या दोन पेट्यांमधली भिंत किती दुखते ते मी रोज बघते. आमच्या रस्त्याला लागून झाडं लावली, कॅपिटलच्या ग्रँटमधून, छान कार्यक्रम झाला, प्रत्येक रोपाला प्लास्टिकची नळी. पण पाणी घालणं हा रेव्हेन्यूचा खर्च आणि तो कुणी धरलाच नव्हता. पहिला उन्हाळा कोरडा गेला. आता तिथून चालत जाताना नळीत डोकावलं की आत तपकिरी काडी दिसते, एकामागे एक. ती रोपं लावायला शाळेतली मुलं आली होती म्हणून जास्त जीव तुटतो.

पैसा येतो कौन्सिल टॅक्स, बिझनेस रेट्स (दुकानं-ऑफिसांवरचा कर), सरकारी अनुदान आणि पार्किंगसारख्या फीमधून. कौन्सिल टॅक्स १९९३ मध्ये सुरू झाला आणि इंग्लंडमध्ये अजूनही घराची किंमत १ एप्रिल १९९१ ला काय असती त्यावरच बँड, म्हणजे ए ते एच मधला कराचा गट, ठरतो, काल बांधलेल्या घराचासुद्धा. एच बँडवाला डी बँडच्या दुप्पट आणि ए बँडच्या तिप्पट भरतो, बस, त्याच्या घराची किंमत वीस पट असली तरी. मला हे अन्यायाचं वाटतं आणि दर सरकारला ते माहीत असतं पण हात कुणी घालत नाही. शिवाय कौन्सिलने कितीही वाढवावा असंही नाही, २०२३-२४ पासून सोशल केअर बघणाऱ्या कौन्सिलना साधारण ४.९९ टक्क्यांपर्यंतच वाढवता येतो, त्यात २ टक्के फक्त प्रौढांच्या, म्हणजे वृद्ध आणि अपंगांच्या, केअरसाठी राखलेले, त्यापुढे जायचं तर लोकांचं सार्वमत घ्यावं लागतं. म्हणून तुमच्या बिलावर बहुतेक तोच आकडा छापून येतो.

जातो कुठे, तर सोशल केअर बघणाऱ्या कौन्सिलचा अर्ध्याहून बराच जास्त पैसा वृद्ध, अपंग आणि मुलांच्या केअरमध्येच जातो. तो टाळता येत नाही, कायद्याने बांधलेला आहे. लायब्ररीसुद्धा १९६४ च्या कायद्याने द्यावी लागते, भाजीपाल्याचे अलॉटमेंट १९०८ च्या कायद्याने. पण पार्क? पार्क सांभाळायलाच हवं असं सांगणारा कायदा नाही. त्यामुळे २०१० नंतर अनुदान कापत गेले तसतशी कात्री पहिल्यांदा तिथेच लागली, माळी, रेंजर, झाडांचा ऑफिसर. कौन्सिलर निसर्गद्वेष्टे म्हणून नाही, बाकी कुठे कापता येत नाही म्हणून. मला वाटतं निसर्गाच्या ठरावाला हात वर करणाऱ्या प्रत्येकाने आधी हे मान्य करावं आणि मग बोलावं.

बजेट जुळवणं कौन्सिलना सक्तीचं आहे, ११ मार्चच्या आत टॅक्स ठरायलाच हवा. नाहीच जुळलं तर फायनान्सचा मुख्य अधिकारी सेक्शन ११४ ची नोटीस काढतो, १९८८ च्या कायद्याखाली, नवीन खर्च जवळपास सगळा थांबतो आणि २१ दिवसांत कौन्सिलला बसून उत्तर द्यावं लागतं. नॉर्थहॅम्प्टनशरने २०१८ मध्ये काढली आणि २०२१ मध्ये ती काउंटी कौन्सिलच मोडून दोन नवीन झाल्या. क्रॉयडन २०२०, स्लाव २०२१, वोकिंग, बर्मिंगहॅम आणि नॉटिंगहॅम २०२३. वोकिंगने बांधकामात गुंतवायला झेपणार नाही इतकं कर्ज काढलं, बर्मिंगहॅमला बायकांच्या समान पगाराची थकबाकी जड गेली, कारणं वेगळी पण शेवटी लायब्ररीची वेळ आणि पार्कचा दिवाच बंद होतो.

थोडं चांगलंही सांगते, कारण पैसे नसले तरी काही गोष्टी होतात. रस्त्याच्या कडेच्या गवताच्या पट्ट्या. गवत कापून तिथेच टाकलं की ते कुजून खत होतं, जमीन सुपीक होते, गवत आणखी माजतं, फुलं दबतात आणि परत कापावं लागतं. तेच कापलेलं गवत उचलून नेलं तर जमीन हळूहळू रोडावते आणि रानफुलं वर येतात, कापायच्या फेऱ्याही कमी होतात. यलो रॅटल नावाचं एक पिवळं फूल आहे, ते गवताच्या मुळांवर जगतं आणि गवताला आवरतं, ते पेरलं तर आणखी सोपं. डॉर्सेटमध्ये २०११ ला वेमथचा रिलीफ रोड झाला तेव्हा उतारांवर सुपीक मातीचा जाड थर टाकायचा सोडून चुनखडीवर अगदी पातळ माती ठेवली आणि रानफुलांचं बी पेरलं, आज तिथे स्मॉल ब्लूसारखी दुर्मीळ फुलपाखरं आहेत. माती कमी आणि निसर्ग जास्त, हे डोक्यात बसायला मला वेळ लागला. तुमच्या कौन्सिलने मे महिन्यात गवत कापलं नाही तर लगेच तक्रार करू नका एवढी कळकळीची विनंती.

आता घरं. इथे माझं मत थोडं टोचेल. कुरणावर घरं नकोत म्हणून सह्या गोळा करणाऱ्यांत मीही होते. पण घर न मिळालेलं कुटुंब हवेत विरून जात नाही, ते कौन्सिलच्या दारात येतं आणि कायद्याने कौन्सिलला मुलं असलेल्या बेघर कुटुंबाला छप्पर द्यावं लागतं. इंग्लंडमध्ये १ लाखाहून जास्त कुटुंबं अशा तात्पुरत्या जागांत राहतात. मुलांना बीअँडबीत ६ आठवड्यांहून जास्त ठेवू नये असा नियम आहे आणि तो मोडला जातो. याचं भाडं कौन्सिल भरते, आणि सरकार त्यातलं परत किती देतं तर २०११ च्या भाडे भत्त्याच्या ९० टक्क्यांपर्यंत. २०११ च्या. आजचं भाडं आणि त्यातला फरक कौन्सिलच्या रोजच्या खर्चाच्या पेटीतून जातो, त्याच पेटीतून जिथून रेंजरचा पगार होतो. म्हणजे न बांधलेलं घर फिरून पार्कच्याच मुळावर येतं. त्या संध्याकाळी तीन कागद वेगळे वाटत होते ते इथे एकमेकांत अडकलेले मला दिसले.

कौन्सिलची स्वतःची घरं का नाहीत असं विचाराल तर १९८० च्या हाउसिंग ॲक्टने भाडेकरूला घर सवलतीत विकत घ्यायचा हक्क मिळाला आणि तेव्हापासून इंग्लंडमध्ये जवळपास २० लाख घरं विकली गेली, तितकी परत बांधली गेली नाहीत. नोव्हेंबर २०२४ पासून सवलत बरीच कमी केलीय. नवीन घरं मुख्यतः खासगी डेव्हलपर बांधतात आणि कौन्सिल त्यातली काही परवडणारी म्हणून मागते, परवानगी देताना होणाऱ्या सेक्शन १०६ च्या कराराने. परवडणारी या शब्दाला भुलू नका, अफोर्डेबल रेंट म्हणजे बाजारभावाच्या ८० टक्क्यांपर्यंत, सोशल रेंट त्याहून बराच कमी, त्यामुळे कागदात नक्की कुठला शब्द आहे ते बघायचं. आणि मग डेव्हलपर व्हायबिलिटीचा रिपोर्ट आणतो की एवढं सगळं दिलं तर प्रोजेक्ट परवडत नाही. बीएनजी कायद्यातच आहे, ते कमी करता येत नाही, म्हणून घासाघीस होते ती परवडणाऱ्या घरांच्या आकड्यावर. निसर्ग आणि गरीब माणूस यांना एकमेकांसमोर उभं करणारी ही रचना मला अगदी चुकीची वाटते.

कौन्सिल सरळ नाही म्हणू शकत नाही का? डिसेंबर २०२४ पासून राष्ट्रीय प्लॅनिंग धोरणात घरांचे आकडे परत सक्तीचे झालेत आणि पुढच्या ५ वर्षांची जागा दाखवता आली नाही की डेव्हलपरच्या बाजूने तराजू झुकतो, कौन्सिलने नाकारलं तरी तो अपील करतो, सरकारचा प्लॅनिंग इन्स्पेक्टर बऱ्याचदा परवानगी देतो, आणि घरं कुठे व्हावीत हे ठरवणं हातातून जातं. म्हणून वेळेत झालेला लोकल प्लॅन हेच कुरणाचं खरं कुंपण आहे. आमच्या कौन्सिलने अर्धं कुरण धरलं ते बहुतेक यासाठीच, बाकीचं अर्धं वाचवायला, हे मला सह्या गोळा करताना माहीत नव्हतं.

तुम्हाला काही करायचं असेल तर वेळ महत्त्वाची. मीटिंगचे कागद किमान ५ पूर्ण दिवस आधी वेबसाइटवर टाकावे लागतात. दोनशे पानं असतात, सगळी वाचू नका, रिपोर्टमधली रेकमेंडेशन्स वाचा आणि मग थेट फायनान्शियल इम्प्लिकेशन्सचा परिच्छेद. तिथे सध्याच्या बजेटमधूनच भागवू असं लिहिलं असेल तर जास्तीचा एक पौंडही धरलेला नाही असं समजा आणि तेवढाच प्रश्न कौन्सिलरला ईमेल करा, कुठल्या ओळीतून आणि किती वर्षं. प्लॅनिंग ॲप्लिकेशनवर साधारण २१ दिवसांत लिहावं लागतं, त्यात घराची किंमत पडेल किंवा खिडकीतला देखावा जाईल हे धरत नाहीत, ट्रॅफिक, उजेड, झाडं, पाण्याचा निचरा, इकॉलॉजी हे धरतात. बजेटवरची मतं बहुतेक ठिकाणी नोव्हेंबर ते जानेवारीत मागवतात, फेब्रुवारीत तावातावाने जाऊन उपयोग होत नाही, तोवर ठरलेलं असतं.

आणि एक गोष्ट जी आपल्यातल्या कितीतरी जणांना ठाऊकच नाही, मी विचारलं तर दहातले आठ जण नाही म्हणतात. भारतीय नागरिक कॉमनवेल्थचे म्हणून इथे कायदेशीर व्हिसावर राहत असतील तर १८ वर्षांपुढे त्यांना कौन्सिलच्या निवडणुकीत मत देता येतं, ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही, आयएलआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगीही लागत नाही, फक्त आधी मतदार यादीत नाव घालावं लागतं, ऑनलाइन पाच मिनिटांत होतं. मे २०२३ पासून बूथवर फोटो आयडी दाखवावं लागतं, आणि त्याला आपला भारतीय पासपोर्ट चालतो, मुदत संपलेला असला तरी, फोटोतला चेहरा ओळखू आला की झालं.